तळमजल्याच्या लादीखालची गळती : फोडण्याआधी पाणी कोणते ते ठरवा

आपण विचारलेला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काय समजून उत्तर देत आहे ते स्पष्ट होईल. विलेपार्ले पूर्वेला १९८९ सालच्या सात मजली इमारतीत आपले तळमजल्यावर घर आहे. फेब्रुवारीपासून स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधल्या भिंतीच्या स्कर्टिंगला ओल आहे, वर हातभर उंचीपर्यंत पांढरा लोणा फुलला आहे, हॉलमधल्या दोन-तीन लाद्या ठोकल्यावर पोकळ वाजतात आणि सासूबाईंच्या दिवाणाचा एक पाय खालून फुगला आहे. एका ठेकेदाराने फरशीत भोके पाडून रसायन भरण्याचा सल्ला दिला, दुसऱ्याने संपूर्ण हॉल उकरून सगळी नळी बदलण्याचा. यांपैकी कोणाचे ऐकावे, गळती नेमकी कुठे आहे ते फरशी न फोडता कळेल का आणि खर्च सोसायटीचा की आपला, असे आपले तीन प्रश्न आहेत.

मी गेली सत्तावीस वर्षे मुंबईत नळकाम करतो आणि त्यातली बरीचशी वर्षे जुन्या इमारतींच्या गळत्या शोधण्यात गेली आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की या दोघांपैकी कोणाचेच ऐकण्याची वेळ अजून आलेली नाही, कारण फरशीखाली पाणी आहे एवढेच आपल्याला ठाऊक आहे आणि ते पाणी कोणते आहे हे कोणी तपासलेले नाही. मुंबईत तळमजल्याच्या लादीखाली चार प्रकारचे पाणी सापडते : गच्चीवरच्या टाकीतून दाबाने येणारे नळाचे पाणी, मोरी-संडास-स्वयंपाकघराच्या सांडपाण्याचे पाणी, जमिनीतून वर चढणारे भूजल आणि इमारतीच्या भूमिगत टाकीतून किंवा तिच्यापर्यंत येणाऱ्या पालिकेच्या जोडणीतून पाझरणारे पाणी. या चौघांचा उपाय वेगवेगळा आहे. रसायनाने यांपैकी एकही बरे होत नाही, आणि हॉल उकरून नळी बदलल्याने फक्त पहिले बरे होते.

घर मी पाहिलेले नाही, त्यामुळे काही गोष्टी परिस्थितीवर सोडाव्या लागतील. नळी जीआयची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची आहे की मधल्या काळात कोणी सीपीव्हीसीची, म्हणजे प्लास्टिकची टाकली आहे, ती भिंतीतून गेली आहे की लादीखालून, वरच्या मजल्यांचे सांडपाणी आपल्या घराखालून चेंबरकडे, म्हणजे बाहेरच्या सांडपाण्याच्या झाकणाच्या हौदाकडे जाते का, आणि भूमिगत टाकी आपल्या भिंतीपासून किती अंतरावर आहे, या चार बाबींची उत्तरे मिळाली की निम्मे काम होते. सोसायटीकडे नकाशा नसेल तर इमारतीत सुरुवातीपासून राहणाऱ्या एखाद्या काकांना किंवा जुन्या पंपवाल्याला विचारा. अशा माणसांच्या आठवणीने मला यंत्रापेक्षा अधिक वेळा योग्य जागी नेले आहे.

आता फरशीखाली असते काय, ते समजून घेऊ, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. परदेशी चित्रफितींमध्ये जमिनीवर ओतलेली काँक्रीटची एकसंध पाटी दिसते आणि तीच घराचा पाया असते. आपल्याकडच्या बहुतेक इमारतींत वजन खांबांवर आणि त्यांच्या पायांवर असते, खांबांना जोडणाऱ्या प्लिंथ बीम असतात, आणि त्या बीमच्या चौकटीत मुरूम किंवा भरणी, त्यावर दगडाचे सोलिंग, त्यावर चार-पाच इंच साधे काँक्रीट, मग मसाला आणि लादी असते. म्हणजे आपल्या हॉलची फरशी इमारतीला उचलून धरत नाही, ती नुसती भरणीवर टेकलेली असते. यात चांगली गोष्ट अशी की प्लिंथ बीम आणि खांब यांना हात न लावता फरशीचा छोटा तुकडा उघडला तर इमारतीला धोका नसतो. वाईट गोष्ट अशी की सोलिंगच्या दगडांमधल्या फटी म्हणजे पाण्यासाठी तयार वाटाच असतात. पाणी एका जागी गळते, फटींतून उताराने वाहते, प्लिंथ बीमला अडते आणि बीमच्या कडेने चालत दुसऱ्याच खोलीत भिंतीवर चढते. वाहताना ते भरणीतली बारीक माती सोबत नेते, म्हणून लादी पोकळ वाजू लागते. माहीमच्या एका घरात बेडरूमच्या कोपऱ्यात ओल होती आणि तिथून चौदा फुटांवर मोरीच्या भिंतीत नळीची एल्बो फुटलेली निघाली. त्यामुळे ओल जिथे दिसते तिथेच घण घालणे ही सर्वात सामान्य आणि सर्वात महागडी चूक आहे.

पहिला पुरावा ऋतूचा. आपली ओल फेब्रुवारीत सुरू झाली आणि एप्रिलमध्येही वाढते आहे. मुंबईत भूजलाची पातळी पावसाळ्याच्या उत्तरार्धात सर्वात वर असते आणि दिवाळीनंतर उतरत जाते. भर उन्हाळ्यात वाढणारी ओल भूजलाची असण्याची शक्यता बरीच कमी आहे. खाडीकाठी किंवा भराव घालून केलेल्या जमिनीवर मात्र हा नियम चालत नाही. तिथे अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओल वाढते का, हे दोन पंधरवडे तारखेसह लिहून ठेवावे. विलेपार्ले पूर्वेचा आपला भाग खाडीपासून दूर आहे, म्हणून भूजल मी यादीत शेवटी ठेवीन, पण यादीतून काढणार नाही.

दुसरा पुरावा खुद्द पाण्याचा, आणि हा मला फार मोलाचा वाटतो. पोकळ वाजणाऱ्या लाद्यांपैकी भिंतीजवळची एक लादी कटरने सांधे कापून अखंड उचलून घ्या आणि खालच्या काँक्रीटमध्ये सहा इंच व्यासाचे भोक सोलिंगपर्यंत घ्या. त्यात पाणी साचते का, किती वेळात साचते, ते पाहा. साचलेले पहिले पाणी फेकून द्या. ते बरेच दिवस सिमेंट आणि मातीत मुरलेले असते. तीन-चार वेळा उपसल्यावर जे ताजे येईल ते स्वच्छ बाटलीत घ्या आणि पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या टीडीएस मीटरने मोजा. हे पेनाएवढे यंत्र काही शे रुपयांत मिळते. त्याच वेळी स्वयंपाकघरातल्या नळाचेही पाणी मोजा. मुंबईचे पाणी तानसा, भातसा, वैतरणा अशा तलावांतून येते. ते मऊ असते आणि त्याचे टीडीएस सामान्यतः लिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या आत असते. समजा नळाचे ७० आले आणि खड्ड्यातले १५० ते २००, तर वाटेत थोडे क्षार घेतलेले ते नळाचेच पाणी असण्याची दाट शक्यता आहे. खड्ड्यातले ७००-८०० किंवा त्याहून जास्त आले तर सांडपाणी किंवा भूजल समजावे, आणि मग वास, साबणाचा फेस, तेलकट तवंग यांवरून त्या दोघांत फरक करावा. मधले आकडे संदिग्ध असतात, त्यांच्यावर निर्णय घेऊ नये.

सोबत क्लोरीनची चाचणीही करून घ्या. ओटी (ऑर्थोटोलिडीन) द्रावणाचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले तर त्यात पालिकेने घातलेले क्लोरीन बहुधा शिल्लक आहे, म्हणजे ते नळाचे पाणी असण्याची दाट शक्यता आहे. पिवळे झाले नाही तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण मातीच्या संपर्कात क्लोरीन लवकर संपते. या चाचणीचा नकार पुरावा म्हणून धरून मी सुरुवातीच्या काळात एकदा सांडपाण्याच्या नळ्या उकरायला लावल्या होत्या आणि त्या सगळ्या धडधाकट निघाल्या. त्या कुटुंबाचा झालेला खर्च मला आजही डाचतो.

पाणी नळाचे आहे असे दिसले तर तिसरी पायरी वॉल्व्हची. इमारतीतल्या फ्लॅटला स्वतंत्र मीटर बहुधा नसतो, सोसायटीचा एकच असतो, त्यामुळे मीटरचा काटा पाहून गळती ओळखण्याचा पुस्तकी उपाय आपल्याला उपयोगी नाही. त्याऐवजी गच्चीच्या टाकीतून आपल्या घरात येणारे फाटे मोजा. स्वयंपाकघराचा एक, मोरीचा एक, संडासाच्या टाकीचा एक, असे दोन-तीन डाऊनटेक, म्हणजे टाकीतून खाली येणाऱ्या नळ्या असू शकतात, आणि काही तळमजल्यांना पालिकेच्या पाण्याचा थेट नळही असतो. एका वेळी एकच फाटा दोन दिवस बंद ठेवा आणि खड्ड्यातल्या पातळीवर पेन्सिलने खूण करत राहा. इथे एक काळजी अत्यावश्यक आहे. पस्तीस वर्षांचे जुने गेट वॉल्व्ह फिरवले तरी पूर्ण बंद होत नाहीत, आतून पाण्याची धार चालूच राहते. वॉल्व्ह बंद करून त्या फाट्यावरचा सर्वात खालचा नळ उघडा. दहा मिनिटांनंतरही थेंब पडत असेल तर तो वॉल्व्ह निकामी आहे आणि त्यावर आधारलेला निष्कर्षही निकामी आहे. आधी तिथे बॉल वॉल्व्ह बसवून घ्या. तो पुढेही कामाला येईल.

कोणत्या फाट्यावर गळती आहे हे कळले की चौथी पायरी दाबचाचणीची, आणि इथे मी थोडे अधिक थांबणार आहे, कारण याच टप्प्यावर घाई होते. सात मजल्यांची इमारत आणि वर टाकी, म्हणजे तळमजल्याच्या नळापाशी साधारण २४ मीटर पाण्याचा स्तंभ असतो. १० मीटरला जवळजवळ १ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) हा हिशेब धरला तर आपल्या नळीत कायम सुमारे २.४ किलो दाब आहे. चाचणीचा दाब त्याच्या दीडपट, म्हणजे साडेतीन ते चार किलो पुरे. काही मिस्त्री नव्या इमारतीच्या सवयीने हातपंपाने दहा किलोपर्यंत दाब चढवतात. जुन्या जीआय नळीत कित्येक ठिकाणी गंजाच्या खपलीनेच भोक बुजलेले असते, आणि एवढा दाब दिला की त्या खपल्या सुटून एका गळतीच्या चार होतात. दाब भरण्याआधी त्या फाट्यावरचे नळ, गीझर, संडासाच्या टाकीचा फ्लोट वॉल्व्ह हे सर्व काढून तिथे प्लग लावावेत, नाहीतर झिजलेल्या वॉशरची गळती जमिनीखालची समजली जाते. सर्वात उंच टोकाचा प्लग सैल करून आतली हवा जाऊ द्यावी, मग घट्ट करावा. त्यानंतर गेजचा आकडा आणि वेळ कागदावर लिहून तासभर हात लावू नये. काटा मिनिटाभरात पडला तर नळी किंवा जोड फुटला आहे. तासात अर्धा-पाऊण किलो उतरला तर सुईच्या टोकाएवढे भोक किंवा आट्यांतून पाझर आहे. काटा जागचा हलला नाही तर तो फाटा निर्दोष आहे आणि आपण चुकीच्या मागे लागलो होतो.

लहान भोकाला कमी लेखू नका. २० मीटरच्या दाबाखाली एक मिलिमीटर व्यासाच्या भोकातून दिवसाला सुमारे ८०० लिटर पाणी जाते. हा साधा हिशेब आहे, आणि खड्डा तासाभरात भरतो त्याचे आश्चर्य वाटत नाही ते यामुळेच.

दाब उतरत असेल तर त्या फाट्यावर मधल्या एखाद्या दिसणाऱ्या जोडापाशी, समजा ओट्याखालच्या युनियनपाशी, नळी सोडवून दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासाव्यात. असे दोनदा केले की गळती बहुधा सात-आठ फुटांच्या टप्प्यात येते. यासाठी हवा भरण्याचा कॉम्प्रेसर कोणी आणला तर त्याला नम्रपणे थांबवा. सीपीव्हीसी किंवा पीव्हीसीची नळी दाबलेल्या हवेने फुटली तर तिच्या चिरफळ्या उडतात आणि माणसे जखमी होतात.

इथवर आलो आहोत तर मध्येच उजळणी करतो : ऋतू, मग खड्ड्यातले पाणी, मग वॉल्व्ह, मग दाब. या क्रमाने गेल्यास फक्त एक लादी उचललेली असते आणि खर्च तुलनेने किरकोळ असतो.

यंत्रांविषयी आपण विचारले नाही, पण कोणीतरी ती घेऊन येईलच. जमिनीवर ठेवून आवाज ऐकण्याचा मायक्रोफोन जीआय नळीवर चांगले काम करतो, कारण धातूतून फुसफुशीचा आवाज दूर जातो. प्लास्टिकच्या नळीवर आणि ओल्या भरणीत आवाज मरतो. पार्ल्यात लोकल आणि विमाने यांच्यामुळे दिवसा ऐकणे अवघड आहे. आम्ही रात्री दोन ते चारच्या दरम्यान जातो, सगळ्या इमारतीला पंप बंद ठेवायची विनंती करतो, आणि तेव्हाच कानाला भरवशाचे काही मिळते. उष्णता दाखवणारा कॅमेरा गरम पाण्याची लांब नळी असेल तर उपयोगी ठरतो, पण आपल्याकडे गीझर मोरीतच असतो आणि गरम नळी चार-पाच फुटांची असते. त्या कॅमेऱ्याने ओल कुठवर पसरली आहे ते दिसते, तिचा उगम दिसत नाही. ओलाव्याचे मीटर तर लोणा लागलेल्या भिंतीवर फसवते, कारण क्षारांमुळे वीज सहज वाहते आणि सुकलेली भिंतही ओली दाखवली जाते. मला सर्वात पटलेली पद्धत वायूची आहे : रिकाम्या केलेल्या नळीत ५ टक्के हायड्रोजन आणि ९५ टक्के नायट्रोजन यांचे, पेट न घेणारे मिश्रण सौम्य दाबाने सोडतात आणि लादीच्या सांध्यांवर यंत्र फिरवून वायू कुठे वर येतो ते पाहतात. तीसुद्धा दाबचाचणीनंतरच करावी. जो माणूस दाबचाचणी न करता थेट यंत्र लावायला निघतो त्याला मी काम देणार नाही.

आता समजा पाण्याचे टीडीएस जास्त निघाले किंवा सगळे फाटे दाबाला टिकले, तर संशय सांडपाण्यावर जातो. १९८९ च्या इमारतीत जमिनीखालच्या सांडपाण्याच्या नळ्या चिनीमातीसारख्या चकचकीत स्टोनवेअरच्या आणि सिमेंटने जोडलेल्या असण्याची शक्यता मोठी आहे. भरणी थोडी खचली की त्यांचे सांधे उघडतात आणि जवळ पिंपळ-वडासारखे झाड असेल तर मुळे आत शिरतात. सांडपाण्याची गळती वापर असेल तेव्हाच होते. आपण आठवडाभर गावी गेलात आणि ओल उतरली, तर तो मोठा इशारा आहे. मोरीची नहाणी बुचाने बंद करून जमिनीवर दोन इंच पाणी चोवीस तास उभे ठेवा. पाणी उतरले तर दोष मोरीच्या कोब्यात, म्हणजे लादीखालच्या पाणीरोधक थरात, किंवा नहाणीच्या गळ्यात आहे. मग नहाणीतून हिरवा फ्लुओरेसिन रंग सोडा आणि खड्डा तीन दिवस पाहा. रंग यायला बराच वेळ लागू शकतो, म्हणून एका वेळी एकच जागा तपासावी, नाहीतर हिरवे पाणी मोरीचे की ओट्याच्या सिंकचे ते कळणार नाही. वरच्या मजल्यांची नळी आपल्या घराखालून जात असेल तर सातही मजल्यांचे पाणी तिच्यातून जाते, आणि तिथे चेंबरमधून कॅमेरा घालून पाहणे हाच सरळ मार्ग आहे.

भूमिगत टाकीची चाचणी सर्वात सोपी असून सर्वात जास्त विसरली जाते. रात्री टाकीत येणारे पाणी आणि पंप दोन्ही बंद करून पातळीवर खूण करा, सकाळी पुन्हा मोजा. चार मीटर लांब आणि तीन मीटर रुंद टाकीत पातळी एक सेंटिमीटर उतरली तर १२० लिटर पाणी कुठेतरी गेले आहे. टाकी आणि आपली भिंत जवळ असतील तर दुसरे काही करण्याआधी हे एका रात्रीत करून घ्या.

दुरुस्तीकडे येतो. गळती नळाच्या जुन्या जीआय नळीवर निघाली, तर माझा सल्ला स्पष्ट आहे : ती जागा उकरून दुरुस्त करू नका, ती नळीच सोडून द्या. दोन्ही टोकांना प्लग लावून ती जमिनीत मृत राहू द्या आणि नवी नळी भिंतीवरून, स्कर्टिंगच्या वरून किंवा छताखालून न्या. हे मी अनुभवाने शिकलो. गोरेगावच्या एका घरात मी जीआय नळीचे भोक शोधले, दोन फूट तुकडा बदलला, फरशी नीट केली आणि समाधानाने घरी गेलो. चार महिन्यांनी पाच फुटांवर दुसरे भोक पडले, आणि त्यानंतर तिसरे. ओल्या, क्षारट भरणीत पडून राहिलेली नळी बाहेरून सगळ्या लांबीभर गंजते, पहिले भोक केवळ सर्वात पातळ जागा दाखवते. शिवाय जुन्या नळीत नवा तुकडा बसवताना पानाने जो पीळ बसतो त्यानेच शेजारचे आटे तुटतात. त्या घराची फरशी तीनदा फुटली. तेव्हापासून तीस वर्षांच्या पुढच्या जीआयला मी जमिनीखाली हात लावत नाही.

भिंतीवरून नळी गेली की ती दिसते, अशी तक्रार घरोघरी होते. मला ती समजते, पण दिसणारी नळी गळली तर त्याच दिवशी कळते आणि तासात दुरुस्त होते. हॉलमधून न्यायचे टाळून बाहेरच्या भिंतीवरून थेट डाऊनटेकपासून स्वयंपाकघरात नवा फाटा आणता येतो का, ते आधी पाहा. सीपीव्हीसी वापरत असाल तर जुन्या धातूच्या नळीला जोडताना पितळी आटे असलेलाच जोड घ्या. प्लास्टिकचे आटे धातूत आवळले की आज ना उद्या तडकतात. आट्यांवर टेफ्लॉन टेप लावावी, रंग किंवा तेलकट लेप लावू नये, आणि भिंतीतून जाताना नळीभोवती मोठ्या नळीचे आवरण ठेवावे. सोल्यूशनने केलेले जोड पाणी सोडण्याआधी डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण सुकू द्यावेत. संध्याकाळी पाणी हवे म्हणून घाई केलेले जोड मी फार पाहिले आहेत.

जागेवरच दुरुस्ती योग्य ठरते अशा दोनच परिस्थिती मला माहीत आहेत. एक, नळी सीपीव्हीसीची आणि तुलनेने नवी असून तिला खिळ्याने किंवा ड्रिलने इजा झाली आहे. दुसरी, गळती सांडपाण्याच्या नळीवर आहे, कारण ती उताराने वाहते आणि छताखालून नेता येत नाही. तिथे फरशी उघडावीच लागेल. तेव्हा एक सांधा चिकटवण्यापेक्षा नहाणीपासून चेंबरपर्यंतचा पूर्ण टप्पा पीव्हीसीचा करून घ्या, चार इंची नळीला ४० फुटांत १ फूट असा उतार ठेवा आणि नळीच्या खाली-वर वाळू भरा. उकरलेला राबिट, म्हणजे फोडलेल्या फरशीचे तुकडे, पुन्हा नळीवर टाकू देऊ नका, त्यातला टोकदार तुकडा पुढच्या गळतीचे कारण होतो. भरणी सहा-सहा इंचांच्या थरांत पाणी मारून धुमसावी, नंतर सोलिंग आणि १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) प्रमाणाचे काँक्रीट करावे. पोकळ वाजणाऱ्या बाकीच्या लाद्याही याच वेळी उचलून खालची पोकळी भरून घ्यावी.

रसायन भरण्याच्या सल्ल्याबद्दल. दाबाची गळती चालू असताना फरशीत रसायन भरले तर त्या जागची फट बुजते आणि पाणी दुसरी वाट धरते, बहुतेकदा प्लिंथ बीमच्या खालून शेजाऱ्याकडे किंवा खांबाच्या पायाशी. मूळ भोक तसेच राहते आणि आता ते शोधणे अधिक कठीण होते. म्हणून हे काम आज नाकारा.

खर्चाबाबत, सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सामाईक पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या नळ्यांची गळती सोसायटीने आपल्या खर्चाने दुरुस्त करायची असते आणि घरातल्या आपल्या स्वतःच्या नळ्यांची सदस्याने. म्हणजे आपल्या फाट्यावर गळती निघाली तर खर्च आपला, वरच्या मजल्यांच्या नळीवर किंवा भूमिगत टाकीत निघाली तर सोसायटीचा. म्हणूनच चाचण्या होण्याआधी सचिवांना लेखी पत्र द्या, समितीच्या एका सदस्याला दाबचाचणीच्या वेळी हजर ठेवा आणि गेजचा आकडा, वेळ, खड्ड्यातले टीडीएस यांची छायाचित्रे काढा. पुढे वाद झालाच तर ठेकेदाराच्या मतापेक्षा हे कागद जास्त बोलतील. मीटरच्या अलीकडच्या, म्हणजे रस्त्याकडच्या नळीवर संशय असेल तर आपण उकरू नका, विभाग कार्यालयातल्या जलखात्याला कळवा.

दोन गोष्टी मात्र चाचण्यांची वाट न पाहता आजच करायच्या आहेत. घरात पालिकेचा थेट नळ असेल तर त्याचे पाणी गळती सापडेपर्यंत उकळून प्या. मुंबईत पाणी ठरावीक वेळच येते. पुरवठा बंद झाला की नळीतला दाब जातो आणि ज्या भोकातून पाणी बाहेर जात होते त्याच भोकातून आजूबाजूचे घाण पाणी आत ओढले जाऊ शकते. दुसरे, ओल्या भिंतीतल्या खालच्या विजेच्या प्लगांचा वापर थांबवा आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. हॉलमधल्या किंवा शेजारच्या खांबाच्या तळाशी उभ्या चिरा किंवा गंजाचे डाग दिसत असतील तर नळाचे काम थांबवून आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. आपली इमारत तीस वर्षांच्या पुढची आहे, त्यामुळे मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब प्रमाणे तिची संरचनात्मक तपासणी व्हायलाच हवी. ती झाली असेल तर सोसायटीकडून अहवाल मागून तळमजल्याविषयी काय लिहिले आहे ते वाचा.

गळती थांबल्यावर भिंत लगेच कोरडी होणार नाही. ओलीच्या रेषेच्या वर फूटभरापर्यंत गिलावा काढून टाका, लोणा कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका, कारण धुतलेले क्षार पुन्हा भिंतीत जातात. पंखा लावून भिंत उघडी राहू द्या. पावसाळ्यात हवेतच इतका दमटपणा असतो की सुकणे जवळजवळ थांबते, म्हणून नवा गिलावा आणि रंग नोव्हेंबर-डिसेंबरच्या आधी करू नये. सासूबाईंचा दिवाण तोवर दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि तपासणीसाठी उचललेली ती एक लादी सिमेंटने बसवू नका. खालचा खड्डा स्वच्छ करून त्यावर ती नुसती ठेवा, दर पंधरा दिवसांनी उचलून आत हात घालून पाहा, आणि एक पूर्ण पावसाळा खड्डा कोरडा राहिला तरच दिवाळीनंतर मिस्त्रीला बोलवून ती पक्की करा.